थेल्माचं पुरतं गाणं

थेल्मा ग्रिमशॉला चिडायला कारण लागत नाही, असं तिच्या गावात म्हणत. हे खरं नव्हे. कारण नेहमीच असे. लोक ते विसरत आणि थेल्मा विसरत नसे, एवढाच फरक.

इंग्लंडात लँकेशरच्या त्या गिरण्यांच्या दरीत तिनं सारी उमर कामगार क्लबांतून गाणी म्हटली. अलीकडे बिंगोचे आकडे, पलीकडे बिअरचे पेले, मध्ये थेल्मा, अंगात चंदेरी झगा आणि पायांत एक माप लहान बूट. गरम चिप्स आल्याची वर्दी मिळाली की बाकीचे गायक मुकाट खाली उतरत. थेल्मा उतरत नसे. गाणं मधेच तोडणं म्हणजे जेवत्या माणसाला ताटावरून उठवणं, असं ती म्हणे. अर्धवट उठलेल्या गिऱ्हाइकाकडे ती अशी बघायची की तो हातातली बशी घेऊन परत बसायचा. काय बाई होती! पडदा पडेपर्यंत रंगमंच तिचा, आणि पडदा कधी पाडायचा हेही तीच ठरवणार.

अशा बाईला सत्तरी उलटल्यावर टीव्हीवाल्यांनी दोन ओळींत खाली उतरवलं.

गाण्यांची ती मोठी स्पर्धा होती. थेल्मानं स्वतः रचलेलं गाणं नेलं होतं, ‘मागचं दार उघडं ठेव’. रात्रपाळी करून पहाटे घरी येणाऱ्या आल्फसाठी, तिच्या नवऱ्यासाठी, तिनं ते लग्नाच्या पहिल्या वर्षी केलं होतं. आल्फ आता नव्हता. दोन ओळी झाल्या आणि घंटा वाजली. तरण्या परीक्षकानं हसून सांगितलं, आजी, घरी जा, चहा गार होतोय. पुढे कार्यक्रम दाखवताना त्यांनी तिच्या आवाजामागे मांजराचं म्यावम्याव जोडलं. साऱ्या देशानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी खाटकाच्या दुकानात रांगेतून कुणीतरी म्याव केलं, आणि थेल्मा मटण न घेताच घरी आली.

गेनर डकवर्थ बस चालवायची. ती लहान असल्यापासून थेल्माला ऐकत आलेली. डिसेंबर लागला तसं तिनं फेसबुकवर लिहिलं की नाताळचा पहिला नंबर दरवर्षी त्या स्पर्धेचा विजेताच पटकावतो, जशी त्यांना जहागीर दिली आहे. यंदा आपण सगळ्यांनी मिळून थेल्माचं गाणं विकत घेऊ. नाताळच्या आठवड्यात सर्वांत जास्त खपलेलं गाणं पहिल्या नंबराचं, नाताळचं गाणं ठरतं, आणि तिथे त्याची चर्चा निवडणुकीसारखी चालते.

थेल्माला कळलं तेव्हा ती बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली आणि दार उघडताच गेनरवर बरसली. “माझ्या नावानं भीक मागतेस होय गं?”

“भीक नाही, थेल्मा. सूड.”

थेल्मा तिकीट काढून बसली. शेवटच्या थांब्यावर उतरताना तिनं अट सांगितली की गाणं क्लबातच रेकॉर्ड करायचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कात्री न लावता. तिला नंबराची हौस नव्हती. पण शुक्रवारी चहाच्या वेळेला रेडिओवर खपाची यादी सांगतात तेव्हा खालच्या गाण्यांच्या चार ओळी वाजवतात आणि पहिलं गाणं मात्र पुरतं. तिला तेवढंच हवं होतं. ज्यांनी म्याव ऐकलं, त्यांनी एकदा शेवटचं कडवंही ऐकावं.

तिच्या अटीवर गाणं रेकॉर्ड होऊन इंटरनेटवर विक्रीला लागलं, आणि मग ते पसरलं. स्वान्सीतल्या नर्सनी घेतलं, अ‍ॅबर्डीनच्या कोळ्यांनी घेतलं. कुणी लिहिलं, मलाही असंच मधेच गप्प केलं होतं. गेनर हे सगळं वाचून दाखवी आणि थेल्मा म्हणे, वाच पुन्हा, नीट वाच.

क्लबात तर वारं शिरलं. बार सांभाळणारा नॉर्मन हॉइल पुढे झाला. तिथली रीत अशी की कुणी आपापलं पीत नाही. सगळ्यांनी बरणीत पैसे टाकायचे आणि एकानं सगळ्यांचं घेऊन यायचं. स्वतःपुरतं घेणारा तो नतद्रष्ट. मग गाणं तरी वेगळं कसं घेणार? म्हाताऱ्यांनी बरणी भरली. दरीतल्या बाकीच्या क्लबांनीही आपापल्या बरण्या नॉर्मनकडे पाठवल्या. नॉर्मन आठवडाभर क्लबाच्या एका बँक कार्डावर तेच गाणं पुन्हा पुन्हा विकत घेत राहिला, अंगठा सुजेपर्यंत.

शुक्रवारी क्लब खच्चून भरला. रेडिओवर नाव आलं ते नवव्या नंबराला. चार ओळी वाजल्या. आल्फचं नाव येणार त्याच्या आधीच निवेदकानं आवाज खाली केला आणि हवामानावर काहीतरी विनोद केला. शेवटी स्पर्धेतला विजेता वाजला, पुरता.

गेनरनं यादीवाल्यांच्या कचेरीत फोन लावला. तिकडच्या बाईनं शांतपणे समजावलं. पूर्वी कंपन्या आपल्याच रेकॉर्डी पोत्यांनी विकत घेऊन नंबर लावत, म्हणून एका कार्डावरची खरेदी दोन-तीनच्या पुढे धरत नाहीत. सगळ्या बरण्या पाण्यात गेल्या होत्या.

थेल्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती नॉर्मनसमोर उभी राहिली. “आयुष्यभर दुसऱ्यांना पाजलंस, आज मला बुडवलंस.”

“आपण असंच घेतो ना गं,” नॉर्मन म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. “आपलं माणूस म्हणून घेतलं.”

“आपलं माणूस? नववा नंबर कुणी दिला मला, सांग. त्या कोळ्यांनी. त्यांनी मला उभ्या जन्मात पाहिलं नाही. आणि माझ्या गावाचं मत किती? एका माणसाएवढं!”

कुणी पेल्याला हात लावेना. तेवढ्यात गेनरचा फोन वाजला. टीव्हीचा माणूस होता. नववा नंबर म्हणजे मोठीच गोष्ट, म्हणाला. नववर्षाच्या कार्यक्रमात आजींनी यावं, विजेत्याबरोबर गावं, जुनं सगळं हसून सोडून द्यावं.

थेल्मानं फोन घेतला आणि किती वेळ देणार ते विचारलं. एक मिनिट, तो म्हणाला, टीव्हीवर एक मिनिट म्हणजे खूप असतं.

“माझं गाणं साडेतीन मिनिटांचं आहे,” थेल्मा म्हणाली. “मांजर तुमच्याकडे आहेच, त्यालाच उभं करा.” आणि तिनं फोन गेनरच्या हातात ठेवला.

मग ती सगळ्यांकडे वळली आणि सोमवारी वाचनालयात या म्हणाली. नॉर्मननं हळूच सांगून पाहिलं की यादी लागली, आता घेऊन उपयोग नाही. थेल्मानं त्याला वाक्य पुरं करू दिलं, जे ती सहसा करत नसे, आणि म्हणाली, “मी वर्गणीतलं गाणं नाही. ज्याला हवं त्यानं स्वतः घ्यायचं, आणि बसून ऐकायचं.”

सोमवारी ते आले. ज्यांनी बँकेचं कार्ड दुकानाबाहेर कधी वापरलं नव्हतं, ते टोप्या काढून संगणकासमोर एकेक करून बसले. गेनर बटणं दाखवी. थेल्मा पाठीमागे हाताची घडी घालून उभी. तिचा राग उतरला नव्हता, आणि तो उतरवण्याची कुणाची हिंमतही नव्हती. ग्रंथपालबाईनं रांगेबद्दल काही म्हणायला तोंड उघडलं आणि थेल्माकडे बघून मिटलं.

नॉर्मन सर्वांत शेवटी बसला. त्यानं गाणं घेतलं, हेडफोन कानाला लावला, मान खाली घातली. एकेक ओळ तो ऐकत गेला. मग डोळे पुसत, कानावरचा हेडफोन काढून तो उठू लागला.

थेल्मानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं.

“बस,” ती म्हणाली. “अजून एक कडवं आहे.”