बॉनेटवरचं स्वस्तिक

माझी गाडी पांढरी. म्हणजे किती पांढरी? बारामती एमआयडीसीतल्या ज्या दुधाच्या प्लँटवर मी सुपरवायझर आहे, तिथले टँकर तिच्याशेजारी उभे राहिले की मळके दिसायचे. पहिल्या आठवड्यात निम्मी बारामती तिच्या दारात बघून भांग पाडून गेली. उरलेली निम्मी रांगेत होती.

नवी गाडी आधी नरसिंहपूरला न्यायची, ही आमच्या घरची रीत. वाटेत इंदापूरला थोरल्या भावाला घेतलं. दादानं अर्धा जन्म मेंढरं राखली. आता हायवेवरच्या एका ढाब्यावर येणाऱ्या गाड्या लावून देतो. पूजेचा मान थोरल्याचा. देवळाबाहेर त्यानं कुंकू कालवलं आणि आख्खं बोट आडवं टेकवून बॉनेटवर ऐसपैस स्वस्तिक काढलं. इतकं दाबून, की आतल्या इंजिनाला गुदगुल्या झाल्या असतील. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली, पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी गाडी धुतली. कुंकू गेलं, स्वस्तिक राहिलं.

दादाच्या बोटात चांदीची जाड, नक्षीची अंगठी असते. तिचं तोंड तळहाताकडं वळलं असणार, आणि बोट फिरेल तसा तिनं रंगात नांगर धरला असणार. चारी पाकळ्या, चारी टिंबं, काही सोडलं नव्हतं.

"बोटं वाळलीत दादांची," बायको म्हणाली. "अंगठी ढिली झाली आसंल. आपोआप फिरली."

मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. आपोआप फिरली असेल तर तो नुसता ओरखडा. नसेल तर काय, ते मनात आलं की मी दुसरा विचार शोधायचो.

एमआयडीसीजवळच्या पेंटरनं रेघेवरून नख ओढलं. नख अडकलं. "पॉलिशनं जायचं न्हाय. काचपेपरनं घासायचं, प्रायमर, मग रंग. सांजच्याला गाडी घिऊन जावा." मग दोन पावलं मागं सरून त्यानं आख्खं बॉनेट बघितलं आणि पायातल्या चपला काढल्या.

"सायेब, ह्याच्यावर पेपर मारू? लेकरंबाळं हायती मला."

"अरे, ओरखडा आहे तो!"

"ओरखड्याला कोण चपला काढतं व्हय?"

मग मी बारामती ते इंदापूर सतरा पेंटर पालथे घातले. बरं, दोन. दुसऱ्यानं आधी बॉनेट बघितलं, मग रस्त्याकडं बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "सायेब, मी हे घासताना कुणी मोबाईल काढला, तर माझं दुकान राहील का?" मी कुठलीही थाप पटवून देऊ शकतो, पण तिथून मी गाडी वळवली.

इकडं प्लँटवर ड्यूटीला येणारे लोक मोटारसायकली थांबवून बॉनेटला नमस्कार करू लागले. एकानं अगरबत्ती लावली. शेवटी पहिल्याच पेंटरनं तोड काढली, "ज्यानं काढलं त्यानंच 'घास' म्हणावं. मग माझ्या डोक्यावर पाप न्हाय."

ढाब्यावर गेलो तेव्हा दादा एका ट्रकला मागं घेत होता. "येऊ दे... येऊ दे... बास!"

"दादा, पूजेच्या दिवशी तुझी अंगठी फिरली होती का?"

"फिरली न्हाय," तो ट्रककडंच बघत म्हणाला. "फिरवली."

"का?"

"समद्या शिटांचं प्लॅस्टिक काढलं व्हतंस तू. माझ्या शिटावर परत कुणी घातलं?"

हे मी वर सांगितलं नाही. सांगणारही नव्हतो. इंदापूर यायच्या अलीकडं मी गाडी कडेला घेतली होती आणि डिकीत टाकलेलं शोरूमचं प्लॅस्टिक मागच्या एकाच सीटवर चढवलं होतं. दादाच्या घोंगडीला अजून मेंढरांचा वास येतो, आणि सीटचं नवं कापड वास धरतं. बायको म्हणाली होती, "राहू द्या हो." तीच मेंढरं विकून दादानं मला डिप्लोमाला घातलं होतं. तो बसला तेव्हा प्लॅस्टिक करकरलं. वळणावर तो त्याच्यावरून घसरत होता, आणि मी गाण्याचा आवाज वाढवला.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"पेंटर काय म्हनतोय ते सांग."

मी सांगितलं. त्यानं हात पुढं केला. मी फोन लावून दिला.

"घासा की. बिनघोर घासा," तो पेंटरला म्हणाला. "त्या गाडीवर आता माझं कायबी न्हाय." मोबाईल परत देत मला म्हणाला, "गाडी काढ हितनं. गिऱ्हाइकाची जागा हाय."

पेंटरनं चपला काढून, हात जोडून चार मिनिटांत स्वस्तिक घासलं. रंग असा जुळवला, की कारखान्यातल्या इंजिनिअरला भिंग दिलं असतं तरी जागा सापडली नसती.

दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला आणि दादाला फोन केला. मान त्याचा.

"ढाब्यावर लई गर्दी हाय," तो म्हणाला. त्याच्यामागं कावळासुद्धा ओरडत नव्हता.

बायको कुंकू कालवून उभी होती. मी म्हणालो, "तूच काढ."

"मी न्हाय काढायची," ती म्हणाली. "थोरलं माणूस हाय अजून."

वाटी तिनं बॉनेटवर ठेवली आणि आत गेली. दुपारपर्यंत कुंकू वाळलं.