कचारगडच्या वाटेवर सिलिंडर आडवा केला तेव्हा

आईला एकदा कचारगडच्या डोंगरातली देवाची गुहा पाहायची होती. तिचे गुडघे गेलेले, बसमध्ये चढणं होत नाही. म्हणून जुन्या व्हॅनमध्ये मी फळ्यांचा पलंग ठोकला, त्याखाली पाच किलोचा गॅसचा सिलिंडर, तिथून पाइप काढून दाराशी शेगडी. सगळं स्वतःच केलं, मिस्त्री कायले पाहिजे? हाच शहाणपणा नडला.

आमच्या मुर्री गावाहून सकाळी सातला निघालो. आमगावपर्यंत रस्ता ठीक, सालेकश्यानंतर खड्डे आणि जंगल. पेट्रोल आधीच भरून घ्या. दरेकश्याच्या अलीकडे टपरीपाशी थांबलो. आईला साखर चालत नाही, म्हणून चहा आपलाच करायचा होता. शेगडी पेटवली तर ज्योत पणतीएवढी. चार दिवसांपूर्वी भरलेला सिलिंडर संपला कसा? घरी गॅस संपत आला की आपण तो आडवा करतो, दोन दिवस जास्त चालतो. मीही केला.

फस्सकन जाळ माझ्या तोंडापर्यंत आला. कळ बंद केली, जाळ विझला, पण पलंगाखाली फुसफुस चालूच. आणि आई पलंगावर! तिला उतरायला पाच मिनिटं लागतात हो.

टपरीवाली धावत आली. "काऊन आडवा केला वो बाई? पातळ गॅस येते पाइपात! उभा कर! रेग्युलेटर बंद कर!"

सिलिंडर उभा करून गॅस बंद केला. गाडी दूर न्यावी म्हणून मी किल्लीला हात घातला, तर तिनं मनगटच धरलं. "चालू नोको करू! ठिणगी पडली त मराल दोघी!"

आम्ही आईला उचलून झाडाखाली बसवलं. वास गेल्यावर टपरीवालीनं पाइप ओढून दाखवला. फळीखाली दबून चपटा झालेला, म्हणून ज्योत बारीक; वर चीर, आणि रेग्युलेटर मी घरूनच चालू ठेवलेला. सिलिंडर अर्धाअधिक भरलेला होता.

कचारगडला आईनं खालूनच हात जोडले. गुहा कशी होती विचाराल तर मला आठवत नाही, मी सारखी हवा हुंगत होते.

घरी आल्यावर आई हळूच म्हणाली, "आमगावपासूनच वास येऊन राहिला होता मले."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलली असती त तू गाडी वळवली असती."

तेव्हा, जाणाऱ्यांनो, सिलिंडर उभाच ठेवा, पाइपला साबणाचं पाणी लावून पाहा. आणि मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला वास येतो का म्हणून विचारू नका. स्वतः उतरा आणि नाक लावा.