आधी लिफ्ट, मग मुहूर्त

बेंगळुरूतल्या जितक्या लिफ्ट माझ्या भावजींनी आतून पाहिल्या आहेत, तितक्या त्या बसवणाऱ्यांनीही पाहिल्या नसतील. अक्काचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, पाय मणक्याच्या दुखण्यात गेले आणि ती चाकांच्या खुर्चीत बसू लागली. तेव्हापासून लग्नपत्रिका आली की तिचे यजमान वधूवरांची नावं वाचत नाहीत. कार्यालयाचा पत्ता वाचतात आणि आदल्या दिवशीच चामराजपेटहून बस पकडून तिथं हजर होतात. खिशात टेप. दार किती रुंद, उंबऱ्याशी फट किती, वीज गेली तर जनरेटरवर लिफ्ट चालते की नुसते दिवे, हे विचारून होईतो तिथला मॅनेजर त्यांना सरकारी तपासनीस समजून कॉफी मागवतो. कॉफी ते निमूट पितात. "खोटं कुठं बोललो? कोण तुम्ही, असं त्यानं विचारलंच नाही." मल्लेश्वरममधल्या एका मुंजीला दोघं गेलेच नाहीत, कारण लिफ्टपाशी पोचायलाच पाच पायऱ्या होत्या. "लिफ्ट आहे हो," मुलाचे वडील फोनवर सांगत होते. "आहे ना," भावजी म्हणाले, "माडीवर विहीर असावी, तशी आहे."

गेल्या वर्षी आईचं घर आम्हा बहीणभावाच्या नावावर करायचं होतं. अक्काला अंगठा द्यायला नोंदणी कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर जाणं भाग होतं. भावजी तीनदा लिफ्ट बघून आले होते. चौथ्या खेपेला आम्ही तिघं पोचलो, तर लिफ्ट बंद, दाराला स्टूल आडवं लावलेलं. "नाळे बन्नी सार," रखवालदार म्हणाला. उद्या या. तोवर चारजण खुर्ची उचलायला पुढं आले, आणि अक्काचा चेहरा पांढरा पडला. एका दवाखान्यात असंच उचलताना जिन्याच्या वळणावर कुणाचा तरी हात सुटला होता. महिनाभर ती अंथरुणात होती. "उचलायचं नाही," भावजी म्हणाले आणि जिना चढू लागले. मी मागोमाग गेलो.

वर नोंदणी साहेबांसमोर भावजी हात जोडून उभे राहिले. "सार, बायकोला वर आणता येत नाही. तुम्ही स्वल्प, जरासं खाली या."

"उद्या सगळेच खाली बोलावतील."

"सगळे चढून आलेत, सार. एकच बाई खाली राहिलीय."

साहेबांनी कागदातून मान वर केली नाही. "जेवणानंतर बघू."

अडीच तास आम्ही जिन्याखाली, स्कूटरींच्या मधे थांबलो. पावलं वाजली की भावजी उभे राहत. कुणी भलताच उतरे आणि ते पुन्हा बसत. अक्कानं सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. खाली तिच्या सोयीचा संडास नव्हता. तीन वाजता साहेब आले, मागून कारकून अंगठ्याचं यंत्र घेऊन. काम दहा मिनिटांत झालं. जाताना साहेबांनी अक्काला विचारलं, "ऊट आयता, अम्मा?" जेवण झालं का, एवढंच.

परतताना रिक्षात अक्का भावजींना म्हणाली, "तुम्ही पाहणीला गेलात की मी घरी जीव मुठीत धरून बसते. कुठं अडकला तर नसाल?"

"सरी," बरं, एवढंच म्हणून ते बाहेर बघत राहिले. पण पाहणी थांबली नाही.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. कोरमंगलाच्या एका सभागृहात लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेले होते, आणि मग ती बंद पडली. "जिना आहे," ते म्हणाले, "पण गुडघे नको म्हणतात. जरा घ्यायला येतोस?" आवाज इतका हळू होता की पहिल्यांदा मला तो ओळखूच आला नाही.