हिलसा न खाणारे दादा

गल्लीत हिलसा मासा तळल्याचा वास सुटला की दादा आमच्या मराठी घराच्या दारात येऊन उभे राहत. हात पाठीमागे, नजर चपलांवर. "बौदी, पिठलं आहे?"

या 'वहिनी' हाकेला बायको हसून डाळीचं पीठ काढी. कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठी वसलेलं आमचं उपनगर. इथं मासा न खाणारा बंगाली म्हणजे वेडाच. पोरं त्यांना 'मराठी बामण' म्हणून चिडवत. "जानवं तेवढं धुवायला टाकलंय रे," ते म्हणत. अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील. आपण हसतो आणि पुढे जातो.

मासा न खाण्याचं कारण त्यांनी मला एकदा नदीच्या घाटावर बसून सांगितलं. ते शाळेत होते तेव्हा इथं पक्षापक्षांत कत्तली चालल्या होत्या. एका सकाळी माणसं सुरे घेऊन घरात शिरली. थोरल्या भावाला केसांना धरून जिन्यावरून ओढत नेलं. मागे धावणाऱ्या आईच्या तोंडावर लाथ बसली. घाटाच्या याच पायऱ्यांवर त्याचा गळा चिरला आणि नदीत लोटून दिलं. प्रेत मिळालं नाही.

"आमच्यात श्राद्धानंतर मासा खाल्ला की सुतक फिटतं, मास्टर. आईनं श्राद्ध करूच दिलं नाही. मग मासा कसा खाऊ? आणि तोही या नदीचा?"

गेल्या पावसाळ्यात गल्लीच्या क्लबानं, म्हणजे आपल्याकडच्या मंडळासारखंच, त्याच घाटावर हिलसा उत्सव भरवला. मी शाळेत शिकवतो, म्हणून उपनगराचा इतिहास सांगायला मला बोलावलं. डचांची वखार सांगून झाली, तागाच्या गिरण्या झाल्या. गर्दीतून दादा म्हणाले, "मास्टर, आता या पायऱ्यांचं सांगा."

मी त्यांच्या भावाचं नाव घेतलं. सेक्रेटरीनं माइक बंद केला. "सणाच्या दिवशी हे कशाला, सर? लोक जेवायला आलेत."

दादा शांतपणे चुलीपाशी गेले आणि त्यांनी कढई लाथेनं उलटवली. उकळतं तेल पायऱ्यांवरून वाहत गेलं. एक आचारी पाय धरून किंचाळला. क्लबची पोरं बांबू घेऊन दादांवर तुटून पडली. मी मध्ये घुसलो. माझा चष्मा फुटला, त्यांच्या बरगड्या. तोंडातून रक्त येत असताना ते दगडावर तळहात आपटत होते. "इथं. इथंच."

इस्पितळातून ते परतले नाहीत. ते घसरून पडले, असं क्लब सांगतो.

त्यांचं श्राद्ध मात्र झालं. दुसऱ्या दिवशी सुतक फिटायचं जेवण होतं. पंगत बसली, पानांवर मासा वाढला गेला. थोड्या वेळानं त्यांची मुलगी आमच्या दारात उभी राहिली. हात पाठीमागे, नजर चपलांवर.

"काकीमा..."

बायकोनं पिठलं आधीच करून ठेवलं होतं.