सत्त्याण्णव पिल्लं आणि तीन कबुतरं

या, जरा जवळ सरका. इतके दिवस तोंड दाखवलं नाहीत आणि आता दारातूनच परत निघालात? बसा मुकाट्याने. लसवाल्या अण्णांचं सांगते.

"शंभर झाल्याशिवाय फोडणार नाही." हे त्यांचं वाक्य. सरकारी गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर. सायकलला बर्फाचा थर्मास, थर्मासात लशीची इवलीशी कुपी. एका कुपीत शंभर पिल्लांची लस, आणि फोडली की दोन तासांत संपवायची. एकदा कुठेतरी चाळीसच पिल्लं जमली, उरलेली लस मोरीत ओतावी लागली. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत म्हणे. तेव्हापासून हा नेम.

जयनगरात तेव्हा घरं कमी, मोकळ्या साइटी, म्हणजे रिकामे प्लॉट, जास्त. मागच्या गल्लीत कोंबड्यांना मानमोडी लागली होती, रोज दोन-चार जात होत्या. माझी अकरा पिल्लं नुकती अंड्यातून निघालेली. मी अण्णांना निरोप धाडला. ते आले, आमच्या अंगणात पाट मांडून बसले आणि मोजू लागले.

लोक टोपलीतून आणत होते, पदरातून आणत होते. सत्त्याण्णव झाली. तीन कमी! मग काय काय आलं म्हणून सांगू. एकाने पोपट आणला, तो अण्णांनी परत पाठवला. आमच्या ह्यांनी तर आपलंच एक पिल्लू मागच्या दाराने नेऊन पुढच्या दाराने आणलं. अण्णा म्हणाले, "हे मघाशी येऊन गेलं."

बर्फ वितळत होता. मी हात जोडले, म्हटलं, सत्त्याण्णवांवरच फोडा.

अण्णा आपल्या कानडी वळणाने म्हणाले, "स्वल्प थांबा, अक्का. तीन थेंब फुकट कसे घालवू?"

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या घरात कांदासुद्धा शिरत नसे, असं सोवळं. हातात फुलांची परडी, वर जास्वंदी, आणि जास्वंदी चिवचिवत होत्या. काकू कोणाकडे बघेनात. एवढंच म्हणाल्या, "ही आपोआप आली."

अण्णांनी फुलं हलकेच बाजूला केली, आत पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कबुतरं, तीन. सरी अक्का, ठीक आहे, कबुतरांनाही मानमोडी होते."

आणि कुपी फोडली. डोळ्यात एकेक थेंब. पहिला मान परडीतल्यांचा.

माझी अकराही जगली. चार महिन्यांनी एका पहाटे काकूंच्या परसातून खणखणीत बांग आली. त्यांचे यजमान बाहेर येऊन विचारू लागले, हे काय? अख्ख्या गल्लीने सांगितलं, कबुतर.

पुढे अण्णांची बदली झाली, ते पुन्हा दिसले नाहीत. त्यांच्या जागी आलेला माणूस पन्नासांवरही कुपी फोडायचा, उरलेली ओतून द्यायचा आणि पोटभर जेवायचा.

काकू गेल्या तेव्हा त्यांची परडी आणि पाखरं मी घरी आणली. त्या पाखरांचा वंश अजून माझ्या परसात आहे. तेव्हा लवकर या, चांगलं दोन दिवस राहायला या. आणि पहाटे काही आरवलं तर दचकू नका. कबुतर आहे.