तमे केवा?

चहाचा कप माझ्या हातात होता आणि शेठाणीनं विचारलं, "तमे केवा?"

मी सुरतेत नवी होते, तिच्या गोदामात काम मागायला गेलेली. लग्न होऊन धुळ्याकडून आलेली, गुजराती कानावर पडून महिना-दीड महिना झालेला. मला वाटलं, ती विचारते आहे तुम्ही कशा आहात. चांगली बाई आहे, मी मनात म्हटलं. मी हसून सांगितलं, "बरी आहे."

गोदामातल्या सगळ्या बायका हसल्या. शेठाणीही हसली. मग तिच्या गाडीच्या ड्रायव्हरनं मला हिंदीत समजावलं, "जात पूछ रही हैं."

मी सांगितली. खोटं बोलायचं सुचलं नाही. चौथी शिकलेली मी, तेवढी हुशार नव्हते.

शेठाणी कपाकडे बघत म्हणाली, "लई जा. हवे आ तारो."

घेऊन जा, आता हा तुझा. कपावर निळी फुलं होती. मी तो पदरात गुंडाळून डिंडोलीला आणला. नवरा बमरोलीच्या लूमवरून आला तेव्हा त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, बघा, शेठाणीनं बक्षीस दिलं.

तो कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खुळे, तिनं कप दिला नाही. टाकला."

दुसऱ्या दिवसापासून तो कप मी बरोबर न्यायची, बरोबर आणायची. तिच्याकडे चहा हवा असेल तर कप आपला. पुढे माझ्या मुलानं खेळताना तो फोडला. मी त्याला मारलं नाही.

काम धागा कटिंगचं. मशीनवर भरतकाम झालं की साडीच्या मागच्या बाजूला दोरे लोंबतात. ते कापायचे. साड्यांचा गठ्ठा आणायचा, घरी बसून कापायचा, परत द्यायचा. शेठाणीच्या घरी नवऱ्याचा साडीचा धंदा, आणि बायकांना कटिंग देणं-घेणं तिच्याकडे. मी तिच्याच साड्यांचे दोरे कापत म्हातारी झाले. ती माझ्याच वयाची. तीही म्हातारी झाली, पण वेसूच्या बंगल्यात. मी गठ्ठा न्यायला जायची ती बंगल्याच्या खाली, गोदामात. वर कधी गेले नाही.

लोक म्हणतील, म्हातारी जळते. हो, जळते. तिचा मुलगा कॅनडाला गेला तेव्हा जळले. तिथून तिला फोनवर बर्फ दाखवायचा, घर दाखवायचा, भांडी धुवायचं मशीन दाखवायचा. ती गोदामात उभी राहून सगळ्यांना फोन फिरवून दाखवायची. मॅनेजरला, हमालाला, पाणीवाल्याला. माझ्यापर्यंत आला की फोन पर्समध्ये जायचा. मी मान वर न करता दोरे मोजल्यासारखं करायची. बर्फ मी हमालाच्या खांद्यावरून बघितला. दोन बोटांएवढा.

मग माझी नात, सुजाता, नर्स झाली.

तिचा बाप लूमवर. लूमच्या आवाजानं आजोबाचे कान गेले तसे त्याचेही चालले आहेत. सुजाता दवाखान्यात लागली आणि एक दिवस म्हणाली, "आजी, मी कॅनडासाठी करते आहे."

मी म्हटलं, "आपल्याला कोण घेणार?"

"तिथे कोण नाही विचारत. किती विचारतात."

तिनं मला समजावलं. वयाचे गुण असतात. शिक्षणाचे, इंग्रजीचे, नोकरी किती वर्षं केली त्याचे. सगळ्यांची बेरीज. रेषेच्या वर गेलं तर बोलावतात.

"जात?"

"जातीचा रकानाच नाही आजी."

मला ते खोटं वाटलं. मी तिला पुन्हा बघायला लावलं. नाहीच.

"मग माझे किती?" मी विचारलं.

ती हसली. "वयाचे शून्य. इंग्रजीचे शून्य."

"इतकी वर्षं काम केलं त्याचे?"

"पगाराचा कागद आहे का?"

"आणि तुझ्या बापाचे?"

"त्यांच्याकडे तरी कुठे आहे कागद? शेठनं कधी दिला?"

ते डोक्यात राहिलं. जातीचा रकाना नाही, हे बरं. पण शाळा किती, इंग्रजी किती, पगाराचा कागद आहे का, एवढं विचारलं की जात आपोआपच लिहिली जाते. ज्याच्या बापाला कागद मिळाला त्याच्या मुलाला शाळा मिळाली. एवढ्या मोठ्या देशाला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. कळत असेल. पण त्यांना काम करणारी माणसं हवी आहेत, आमचा हिशेब चुकता करायची त्यांना काय पडली आहे?

सुजातानं इंग्रजीची परीक्षा दिली. येऊन ओरडली, "आजी, नऊपैकी आठ बँड आले!"

मी म्हटलं, "लोकांना लग्नात एक बँड परवडत नाही."

ती माझ्या गळ्यात पडली. खरं सांगते, त्या मिनिटाला मला तिचाही हेवा वाटला. मला चौथीतून काढलं तेव्हा माझा पहिला नंबर होता. म्हशीमागे पाठवलं. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि जळत होते. आजीला असं वाटू नये म्हणतात. वाटतं.

त्याच दिवशी तिनं आणखी एक गंमत सांगितली. "एकटीचे जास्त धरतात, आजी. नवरा बरोबर लिहिला आणि त्याला इंग्रजी येत नसलं की माझेच कमी होतात."

"म्हणजे नवरा ही खोटच," मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा द्यायला गेले. शेठाणी गोदामात होती, तिचा नातू नीरवही होता. पोरगा इंग्रजीच्या क्लासला जाऊन जाऊन कंटाळलेला, परीक्षा दर वेळी राहते. काका तिकडे असून याला जाता येत नाही. शेठाणी मॅनेजरजवळ रडगाणं गात होती की पेपरच कठीण काढतात, आपल्या मुलांना मुद्दाम पाडतात.

माझ्यानं राहवलं नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "माझ्या नातीला तर आठ आले, बेन."

शेठाणीनं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पूर्ण बघितलं.

आठवड्यानं आमच्या गल्लीत तिची गाडी आली. डिंडोलीत, आमच्या दाराशी, पांढरी गाडी. पोरं काचेला नाक लावून उभी. ड्रायव्हर म्हणाला, बेननं बोलावलं आहे, घरी, वर. सुजाता ड्यूटीवर, मुलगा लूमवर. मी कोणाला विचारलं नाही. पेटीतली चांगली साडी काढली. शेजारीण म्हणाली, "कुठे गं एवढी नटून?" मी म्हटलं, "कामाला." काम काय असेल ते मला वाटेतच कळलं होतं. पोराला इंग्रजी नाही, पोरीला आहे. असली लग्नं सुरतेत जुळायला लागली आहेत, गल्लीतल्या बायका बोलतात.

आणि मी ठरवून टाकलं होतं, हो म्हणायचं.

का? सुजाताचं भलं व्हावं म्हणून? नाही. मला शेठाणीची विहीण व्हायचं होतं. तिच्या सोफ्यावर बसायचं होतं, आणि तिनं उठून माझी ओटी भरायची, मला साडी नेसवायची, माझ्या मानापानाचं बघायचं. एरवी मुलीकडचे घाबरतात; इथे गुण आमचे, म्हणून ती घाबरायला हवी होती, विहीणबाई रुसल्या तर? एवढंच डोक्यात होतं. हेव्यानं माणूस आंधळा होतो म्हणतात. मला तर उलट सगळं स्वच्छ दिसत होतं. साडीचा रंगसुद्धा.

वरच्या खोलीत गेले. शेठाणी म्हणाली, "मासी, उपर बेसो ने." वर, सोफ्यावर बसा ना. इतकी वर्षं मी बाई होते. त्या दिवशी मावशी झाले.

बसले. चहा आला, त्यांच्याच कपात. नीरव समोर बसून मोबाइल बघत होता. शेठाणीनं गोड गोड सांगितलं. सुजाता खूप हुशार. अर्ज तिचा, त्यात नवरा म्हणून नीरव. खर्च सगळा आमचा. बँकेत दाखवायला पैसे लागतात तेही आम्ही ठेवू.

मी म्हटलं, "बरं. बरात डिंडोलीत आणा. आमच्या पद्धतीनं लागेल. पांढरी साडी, बुद्धवंदना, हॉलमध्ये जेवण."

शेठाणी माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली. तेच हसू. पहिल्या दिवशीचं.

"अरे मासी, लग्न क्यां छे? आ तो कागळ छे. त्यां जईने छूटा."

लग्न कुठे आहे, हा तर कागद. तिथे गेले की मोकळे.

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं, मला अजून कळत नाही असं समजून. कामरेजला त्यांचं फार्महाऊस आहे, तिथे मांडव घालू, फोटो काढू, पुरावा लागतो ना. समाजात कोणाला कळू द्यायचं नाही, पोराचं नाव खराब होईल, पुढे त्याचं खरं लग्न करायचं आहे.

मी विचारलं, "फोटोत आम्ही कुठे बसायचं?"

"तमारे आववानी जरूर नथी," ती म्हणाली. तुम्ही यायची गरज नाही, मुलीच्या बाजूला बसायला आमचीच माणसं देऊ. फोटो नीट दिसला पाहिजे.

माझ्या नातीच्या शेजारी तिची माणसं बसणार होती. तिची कोणी काकू माझ्या जागेवर. कारण माझं तोंड फोटोत नीट दिसत नाही.

मला तो कप आठवला. निळ्या फुलांचा. पुन्हा तेच. मी बक्षीस समजून पदरात गुंडाळायला निघाले होते.

मी कप खाली ठेवला. नीरवकडे वळले आणि विचारलं, "तमे केवा?"

त्यानं मोबाइलमधून डोकं काढलं. आपल्या आजीकडे बघितलं. शेठाणीचा चेहरा लाल झाला.

"जात नाही विचारत," मी म्हटलं. "गुण किती, ते विचारते."

त्यानं डोकं पुन्हा मोबाइलमध्ये घातलं.

"माझ्या नातीच्या नावाशेजारी तुझं नाव लिहिलं तर तिचे कमी होतात. आयुष्यभर आम्ही ऐकलं, आमच्यानं विटाळ होतो. हा पहिला कागद बघितला, ज्यात तुमच्यानं आम्हाला होतो."

शेठाणी उभी राहिली. "बाई, मों संभाळीने बोल." तोंड सांभाळ म्हणे.

पुन्हा बाई झाले. बरं वाटलं.

"नाही म्हणजे नाही," मी म्हटलं आणि जिना उतरले. परतीला गाडी नव्हती. रिक्षानं आले.

घरी येऊन मुलाला सगळं सांगितलं. तो आमच्या अहिराणीत म्हणाला, "माय, तू काय सांगी उनी?" काय सांगून आलीस.

"नाही म्हणी उनी."

तो खूश झाला. सुजाता झाली नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "ते खोटं लग्न पकडलं असतं तर मला कायमचं बंद केलं असतं, हे तुला माहीत नव्हतं. ठीक आहे. पण तू मला विचारलंसुद्धा नाहीस. चांगली बरात आणली असती त्यांनी, तर? दिली असतीस मला? तुझ्या सोफ्यासाठी?"

शेठाणीनं तिच्या गुणांवर हात टाकला होता. तिच्याआधी मी टाकला होता. त्या दिवसापासून सुजाताच्या गुणांचं मी कोणाजवळ बोलत नाही. ते तिचे आहेत.

शेठाणीनं मला गठ्ठे देणं बंद केलं. दुसरीकडून आणते. सुजाताचे गुण अजून रेषेच्या थोडे खाली आहेत. वाढदिवस येईल तसे वयाचे कमी होत जातील. तिच्यासारखीच दुसरी कोणी मुलगी, जिच्या आजीला चौथीतून काढलं नाही, ती रेषेच्या वर असेल. याला न्याय म्हणतात की नाही मला माहीत नाही. मला राग येतो, एवढं माहीत आहे. सुजाता पुन्हा परीक्षा देणार आहे. जाईल तर एकटीच्या नावावर जाईल. नाही गेली तर इथल्या रुग्णांना सुई टोचेल. तिच्या पाठीवर बसून कोणी जाणार नाही. शेठाणी नाही, मीही नाही.

जळणं गेलेलं नाही. सुजाताला सांगून ठेवलं आहे, गेलीस तर बर्फाचा पहिला फोन शेठाणीला कर, मला नंतर.

नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी शेठाणीच्याच वयाच्या एका बाईनं चहा दिला आणि विचारलं, "तमे केवा?"

मी जात सांगितली. मोठ्यानं, गोदामाच्या दारापर्यंत जाईल अशी. मग विचारलं, "अने तमे केवा?" तिला सांगावं लागलं. मी चहा संपेपर्यंत तिथेच बसले, गठ्ठा उचलला आणि निघाले.

कप तिथेच ठेवला. असा कप मी पुन्हा कधी घरी आणणार नाही. धुवायचा की फोडायचा, ते त्यांचं त्यांनी बघावं.