झडती

शिदूमामा कुणाच्याही घरातून निघताना उंबऱ्यावर थांबत. पटका सोडून झटकत, दोन्ही पंजे उलटेसुलटे करून दाखवत आणि तोंड उघडत. सोलापुरात कॉलेजसाठी मी त्यांच्या शेजारची खोली घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहून घाबरलो. मामी म्हणाल्या, "भिऊ नगंस. खाणीतली सवय हाय ती."

कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीत मामांची उमेदीची वर्षं गेली. खालून वर आलं की रोज फाटकावर झडती. केस, कान, अगदी जिभेखालीसुद्धा. "छातीतली धूळ तेवढी त्यास्नी कदी घावली न्हाय," असं म्हणून ते हसत, आणि हसता हसता खोकत.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर एकदा म्हणाले, "खाणीच्या गावाला चल माझ्यासंगं. एकट्यानं चढ निघत न्हाय." मामींच्या गळ्यात नुसती काळी पोत होती. त्या पोतीत ओवायला सोन्याचा एक मणी मामांना तिथूनच आणायचा होता.

"सोलापुरात सराफ नाहीत का?" मी विचारलं.

"तितलं सोनं मी उकरलंय की."

गाव डोंगराच्या उतारावर. सोन्यापायी कधीकाळी चहूकडून माणसं येऊन वसलेली. आता खाण बंद, चाळी ओस. चढाच्या गल्लीत तेवढे सोनार आणि दगडी भांडी घडवणारे बसले होते. मामा दर दोन दुकानांनंतर टेकत होते. ओठ निळे पडले होते. मणी घेऊन ते पायरीवर आले आणि पटका सोडून तोंड उघडून उभे राहिले.

सोनार हसला. "अज्जा, पैसे दिलंय की! जावा आता."

मी त्यांचा दंड धरला तेव्हा त्यांनी तोंड मिटलं.

उतरताना म्हणाले, "मी मेल्यावर मामी ह्यो मणी माज्या तोंडात घालील. रीतच हाय. तू घालू दिऊ नगंस. वर बी फाटक आसंल. तितं झडती झाली तर?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

दिवाळीच्या आधीच मामा गेले. श्वासासाठी उघडलेलं तोंड तसंच राहिलं होतं. मामींनी पोत तोडून मणी काढला. वर्गात उत्तर देतानाही मी अडखळायचो. जमलेल्या वडीलधाऱ्यांत कसं बोलावं कळेना. "मामी, नको," एवढंच आधी निघालं. मग मामांचं बोलणं सांगितलं.

मामींचे दीर उसळले, "चार बुकं शिकलास म्हणून रीत मोडतोस व्हय रं?"

मामींनी मणी मुठीत घट्ट धरला. मग त्यांनी नुसतं तुळशीचं पान ठेवलं आणि हनुवटीला हात लावून मामांचं तोंड मिटवलं.

"मिटा आता," त्या म्हणाल्या. "पानाबिगर काय बी न्हाय तोंडात. जाऊ देत्याल तुमास्नी."